रशियन अभिजात कथासाहित्यातील बुजरा निवेदक आणि मराठी वाचकाचा प्रतिसाद

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील रशियन कथासाहित्याने जागतिक साहित्याला जी अविस्मरणीय माणसे दिली, त्यांत स्वतःची कथा स्वतःच सांगणाऱ्या बुजऱ्या निवेदकाचे स्थान महत्त्वाचे आहे. हा निवेदक बहुधा कनिष्ठ कारकून, एकाकी भाडेकरू किंवा निवृत्त नोकर असतो. तो प्रेम करतो, पण वेळेवर बोलत नाही. अपमान सहन करतो आणि त्याचे उत्तर वर्षानुवर्षे मनात रचत राहतो. महाविद्यालयीन वर्गात अशी कथा शिकवताना विद्यार्थ्यांकडून येणारा पहिला प्रतिसाद बहुधा ठरलेला असतो : “त्याने आधीच का सांगितले नाही?” या प्रश्नात अधीरता असते, थोडी कीव असते आणि एक निवाडाही असतो. भित्र्या माणसाच्या वाट्याला जे यायचे तेच आले, असा तो निवाडा होय.

प्रस्तुत लेखात या निवाड्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. रशियन अभिजात कथेतील बुजरा निवेदक हा केवळ कृतीला भिणारा माणूस नाही. तो प्रामुख्याने ऐकणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या निवाड्याला भिणारा माणूस आहे. त्यामुळे वाचकाचा प्रतिसाद ही कथेबाहेरची, कथा संपल्यानंतरची गोष्ट राहत नाही. तो कथेचाच विषय बनतो. हे सूत्र चार रशियन संहितांच्या आधारे स्पष्ट करणे, मराठी वाचकाची पूर्वतयारी तपासणे आणि नागपूरच्या साहित्यिक परंपरेच्या संदर्भात त्याचा अध्यापनाशी असलेला संबंध मांडणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत.

संज्ञाविचार : भित्रा, बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ

रशियन साहित्य मराठी वाचकाकडे मोठ्या प्रमाणावर इंग्रजीच्या मार्गाने आले. कॉन्स्टन्स गार्नेट यांच्या अनुवादांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा मार्ग रुंद केला. पुढे सोव्हिएत प्रकाशनसंस्थांच्या स्वस्त पुस्तकांनी तो घरोघरी पोहोचवला. परंतु इंग्रजी समीक्षेतील ‘टिमिड’ या एकाच विशेषणाचा मराठी प्रतिशब्द म्हणून ‘भित्रा’ हा शब्द स्वीकारला, की विवेचनाची दिशा चुकते. मराठीत या स्वभावाच्या छटा दाखवणारे अनेक शब्द आहेत आणि त्यांतील फरक समीक्षेला उपयोगी पडणारा आहे.

‘भित्रा’ माणूस संकटाला भितो. ‘बुजरा’ माणूस माणसांना बुजतो. संकटात तो कदाचित धीटही असेल. ‘भिडस्त’ माणसाला समोरच्याचे मन मोडवत नाही. त्याच्या गप्प राहण्यामागे भीतीपेक्षा भीड असते. ‘मुखदुर्बळ’ माणसाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, मात्र ते तोंडाने सांगता येत नाही. लिहिताना तोच माणूस ओघवता होतो. या चार शब्दांच्या आधारे पाहिले असता रशियन निवेदकांची वेगळी मांडणी करता येते. दोस्तोव्हस्कीच्या ‘शुभ्र रात्री’मधील स्वप्नाळू तरुण बुजरा आहे. ‘गरीब माणसे’ या कादंबरीतील मकार देवुश्किन भिडस्त आणि मुखदुर्बळ आहे. तुर्गेनेव्हचा चुल्कातूरिन बुजरेपणाबरोबर अहंकारही बाळगणारा आहे. ‘तळघरातील टिपणे’चा अनामिक निवेदक मात्र यांपैकी कोणत्याच एका शब्दात मावत नाही, त्याला अपमानाची सततची धास्ती आहे. निखळ ‘भित्रा’ असा यांत एकही नाही.

‘शुभ्र रात्री’चा निवेदक याचे उत्तम उदाहरण आहे. पहिल्याच रात्री नास्तेन्काच्या मागे लागलेल्या एका मद्यधुंद गृहस्थाला तो हातातील काठीच्या बळावर पळवून लावतो. म्हणजे तो संकटाला भ्यालेला नाही. नंतर तिच्याशी दोन शब्द बोलताना मात्र त्याचा हात थरथरतो. त्याला ‘भित्रा’ म्हणणाऱ्या वाचकाने कथेतील ही काठी पाहिलेलीच नसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हा निवेदक रशियन साहित्यात विशिष्ट काळात का अवतरला, याचे उत्तर काही अंशी तत्कालीन समाजव्यवस्थेत सापडते. पीटर द ग्रेट याने १७२२ मध्ये शासकीय सेवेची चौदा श्रेणींची उतरंड निश्चित केली. कारकुनी सेवेतील नववी श्रेणी ही ‘टिट्युलर कौन्सिलर’ची. आठव्या श्रेणीला पोहोचणाऱ्यास वंशपरंपरागत उमरावपद मिळे. १८४५ मध्ये ही अट अधिक कडक करण्यात आली. परिणामी नवव्या श्रेणीवर अडकलेला कारकून हा जणू उंबरठ्यावर आयुष्य काढणारा माणूस ठरला. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधील अकाकी अकाकियेविच आणि ‘वेड्याची रोजनिशी’मधील पोप्रिश्चिन हे दोघेही याच श्रेणीतील आहेत.

दुसरे कारण राजकीय आहे. पहिल्या निकोलसच्या कारकिर्दीत (१८२५–१८५५) गुप्त पोलिसांची यंत्रणा आणि कठोर ग्रंथनियंत्रण यांमुळे उघड बोलणे धोक्याचे होते. ‘शुभ्र रात्री’ १८४८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली आणि १८४९ च्या एप्रिलमध्ये दोस्तोव्हस्कीला राजकीय आरोपावरून अटक झाली. अशा वातावरणात वाढलेल्या पिढीच्या साहित्यात ‘बोलावे की न बोलावे’ हा निव्वळ स्वभावाचा प्रश्न राहू शकत नव्हता. मात्र केवळ समाजशास्त्रीय कारणमीमांसेने या निवेदकाचे कलात्मक कार्य उलगडत नाही. त्यासाठी संहितेच्या आत वावरणाऱ्या वाचकाकडे वळावे लागते.

संहितेतील वाचक : चार प्रतिसाद

वाचककेंद्री समीक्षेने १९६० नंतरच्या काळात अर्थनिर्मितीतील वाचकाचा वाटा अधोरेखित केला. हान्स रॉबर्ट याउस यांची ‘अपेक्षाक्षितिज’ आणि वोल्फगांग इझर यांची ‘गर्भित वाचक’ या संकल्पना मराठी समीक्षेलाही परिचित आहेत. रशियन बुजऱ्या निवेदकाच्या कथांचे वैशिष्ट्य असे, की त्यांत गर्भित वाचक केवळ गर्भित राहत नाही. तो पात्र होऊन प्रत्यक्ष समोर येतो.

(अ) धुडकावणारा वाचक : तुर्गेनेव्हची ‘एका अनावश्यक माणसाची रोजनिशी’ १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. मरणाच्या दारात असलेला चुल्कातूरिन २० मार्च ते १ एप्रिल अशी अवघ्या दोन आठवड्यांची रोजनिशी लिहितो. गावातील अधिकाऱ्याच्या मुलीवर, लिझावर, त्याचे प्रेम असते. पण तिचे मन पाहुण्या राजपुत्राकडे ओढले जाते. द्वंद्वयुद्धात तो राजपुत्राला किंचित जखमी करतो. राजपुत्र मात्र हवेत गोळी झाडून औदार्याने त्याला कायमचा लहान करून टाकतो. या करुण कथेच्या अखेरीस तुर्गेनेव्हने एक विलक्षण गोष्ट केली आहे. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर कोणा झुदोतेशिन नावाच्या इसमाने एक ओबडधोबड चित्र काढून, अशुद्ध अक्षरांत, आपण हे हस्तलिखित वाचले असून त्यातील मजकूर आपल्याला पसंत नाही, असा शेरा मारलेला आहे. मरणाऱ्या माणसाने जीव ओतून लिहिलेल्या पानांना मिळालेला हा पहिला वाचक. वाचकाला येथे हसू येते आणि पाठोपाठ संकोचही वाटतो, कारण कथा वाचताना त्याच्याही मनात असाच एखादा शेरा तयार होत आलेला असतो. शेऱ्याची भाषा शुद्ध असली म्हणून त्यातील वृत्ती बदलत नाही.

(आ) दुखावलेला वाचक : ‘गरीब माणसे’ (१८४६) ही पत्ररूप कादंबरी. तिचा नायक मकार देवुश्किन हा नक्कलनवीस कारकून. वार्वारा त्याला प्रथम पुश्किनच्या ‘बेल्किनच्या कथा’ वाचायला देते. त्यातील ‘स्टेशनमास्तर’ ही कथा त्याला इतकी आवडते, की जणू आपल्याच मनातले कोणी लिहिले, असे त्याला वाटते. पुढे ती गोगोलचा ‘ओव्हरकोट’ पाठवते आणि देवुश्किन संतापतो. गरीब कारकुनाच्या खोलीत, कपड्यांत, चालण्यात कोणी तरी डोकावून पाहिले आणि ते चारचौघांत मांडले, असे त्याला वाटते. आता रस्त्याने जाताना लोक आपल्याला चालीवरून ओळखतील, अशी त्याला भीती वाटते. कथेचा शेवट निराळा असायला हवा होता, असेही तो सुचवतो : ओव्हरकोट सापडावा, वरिष्ठाने कारकुनाची दखल घ्यावी, त्याला बढती द्यावी.

या प्रसंगाकडे देवुश्किनच्या साहित्यिक अज्ञानाचा नमुना म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु येथे दोस्तोव्हस्कीने साहित्यव्यवहारातील एक मूलभूत प्रश्न विचारला आहे. करुणेचा विषय झालेला माणूस स्वतःविषयीची करुण कथा वाचू लागला, तर त्याला काय वाटेल? ‘ओव्हरकोट’चा निवेदक अकाकीवर दया करतो, पण दया करताना त्याच्या बुटांकडे आणि जेवणाकडे बोटही दाखवतो. वाचणाऱ्या सुस्थित माणसाला ते दारिद्र्याचे दर्शन वाटते. देवुश्किनला ती झडती वाटते. दोन्ही ‘कारकुनांच्या कथा’ असल्या तरी ‘स्टेशनमास्तर’ने त्याला सोबत दिली आणि ‘ओव्हरकोट’ने त्याला उघडे पाडले. हा भेद निरक्षर भाबडेपणातून आलेला नाही. तो अत्यंत सूक्ष्म वाचनातून आलेला आहे.

(इ) ऐकून घेणारा वाचक : ‘शुभ्र रात्री’चा निवेदक सव्वीस वर्षांचा आहे. आठ वर्षे पीटर्सबर्गमध्ये राहूनही त्याची म्हणण्यासारखी ओळख नाही. रस्त्यावरील घरांशीच तो मनातल्या मनात बोलत असतो. दुसऱ्या रात्री नास्तेन्का त्याला त्याची जीवनकथा विचारते, तेव्हा तो ती तृतीय पुरुषात सांगू लागतो. ‘मी’ म्हणण्याची त्याला लाज वाटते. म्हणून तो ‘स्वप्नाळू माणूस’ नावाच्या कोणा एका प्रकाराविषयी अलंकारिक व्याख्यान देतो. ती त्याला थांबवून सांगते, की तो पुस्तकातून वाचून दाखवल्यासारखे बोलतो आहे. व्याख्यान संपल्यावर ती खळखळून हसेल, अशी त्याची खात्री असते. ती हसत नाही. ती थोडा वेळ गप्प राहते, त्याचा हात हलकेच दाबते आणि सारे आयुष्य खरेच असे घालवलेत का, एवढेच विचारते.

बुजऱ्या निवेदकाला मिळू शकणारा हा सर्वोत्तम प्रतिसाद होय. त्यात स्तुती नाही, उपदेश नाही, निवाडा नाही. सांगितलेले खरे मानण्याची तयारी आहे. पुढे नास्तेन्का परत आलेल्या पूर्वीच्या भाडेकरूबरोबर निघून जाते, हे खरे. तरीही निवेदक तिला दोष देत नाही आणि त्या एका क्षणाच्या आनंदाबद्दल कृतज्ञ राहतो. त्याला प्रेयसी मिळाली नाही, पण श्रोता मिळाला. ही प्राप्ती लहान की मोठी, हे ठरवण्याचे काम कथा वाचकावर सोडते.

(ई) आरपार पाहणारा वाचक : सोळा वर्षांनी, १८६४ मध्ये, दोस्तोव्हस्कीने ‘तळघरातील टिपणे’ लिहिले. चाळिशीचा निवेदक अदृश्य ‘सद्गृहस्थ’ वाचकांना उद्देशून बोलतो. त्यांचे आक्षेप तोच कल्पितो आणि तोच खोडून काढतो. एका अधिकाऱ्याने आपल्याला खुर्ची बाजूला सारावी तसे सारले, हा अपमान त्याला वर्षानुवर्षे जाळतो. नेव्हस्की मार्गावर त्याला वाट न देता खांद्याला खांदा भिडवण्यासाठी तो नवी कॉलर घेण्याकरिता कर्ज काढतो. नंतर लिझा या वेश्या तरुणीला तो भावनाप्रधान उपदेश करतो, तेव्हा तीही त्याला हेच सांगते, की तो पुस्तकातल्यासारखे बोलतो आहे. नास्तेन्का आणि लिझा या दोन नायिकांच्या तोंडी आलेला हा समान शेरा अर्थपूर्ण आहे. पण पहिल्या निवेदकाने तो शेरा मनाला लावून घेऊनही आपले मन उघडे केले; दुसऱ्याने सूड घेतला. लिझा त्याच्या क्रूरतेमागचे दुःख ओळखून त्याला जवळ घेते आणि नेमके हेच ओळखले जाणे त्याला सहन होत नाही. तो तिच्या हातात पैसे कोंबतो. ती नोट चुरगळून टाकून निघून जाते. बुजरेपणाची ही काळी बाजू रशियन कथेने लपवलेली नाही. समजून घेतले जाण्याची तहान आणि समजून घेतले जाण्याचे भय एकाच माणसात नांदतात.

मराठी वाचकाचे अपेक्षाक्षितिज

मराठी वाचक या निवेदकांकडे कोऱ्या मनाने येत नाही. त्याच्या घरी आधीच दोन बुजरे कारकून वास्तव्याला आहेत. पहिला, चिं. वि. जोशी यांचा चिमणराव, दुसरा, पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’ (१९६४) मधील धोंडोपंत जोशी. दोघेही प्रथमपुरुषी निवेदक, दोघेही नोकरदार आणि दोघेही परिस्थितीपुढे, नातेवाइकांपुढे व वरिष्ठांपुढे मान तुकवणारे. चिमणरावाच्या शेजारी धडाडीचा गुंड्याभाऊ उभा करून जोशी यांनी त्याचे बुजरेपण अधिकच ठसठशीत केले आहे. गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’चे ‘अंमलदार’ हे मराठी रूपांतर पु. लं. नीच केले, हा योगायोगही येथे लक्षणीय आहे.

मात्र मराठी आणि रशियन कारकुनांत एक मूलभूत भेद आहे. चिमणराव आणि धोंडोपंत वाचक हसण्यापूर्वीच स्वतःवर हसून घेतात. त्यामुळे वाचकाच्या हाती निवाड्याचे हत्यार उरत नाही. तो निवेदकाबरोबर हसतो. त्यांच्याभोवती घर आहे, कुटुंब आहे, चाळ आहे. फजिती झाली तरी रात्री पान वाढलेले असते. रशियन निवेदकाजवळ यांपैकी काहीही नाही. त्याची खोली भाड्याची, भिंतींवर कोळिष्टके आणि बोलायला मोलकरीण. हसणे ही त्याच्यासाठी ढाल नसून ज्याची धास्ती घ्यावी असा वार आहे. म्हणून विनोदी आत्मनिवेदनाच्या सवयीने ‘शुभ्र रात्री’ वाचणारा मराठी वाचक प्रथम गोंधळतो. निवेदक स्वतःवर हसत नाही, तेव्हा त्याच्यावर हसायचे की त्याची कीव करायची, हे त्याला ठरवता येत नाही. हा गोंधळ वाचनातील अडथळा मानू नये. अपेक्षाक्षितिज विस्तारण्याचा तोच आरंभ असतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) मराठी वाचकाला निराळी सवय लावली. पांडुरंग सांगवीकर बुजरा नाही, तो तुटलेला आहे. परंतु वाचकाला उद्देशून बोलण्याची, त्याच्या गांभीर्याला चिमटे काढण्याची त्याची पद्धत ‘तळघरातील’ निवेदकाला जवळची आहे. चिमणरावाच्या वाटेने ‘गरीब माणसे’ आणि सांगवीकराच्या वाटेने ‘तळघरातील टिपणे’ असा प्रवास मराठी वाचकाला सुकर होऊ शकतो.

रूपांतर : प्रतिसादाचा एक पुरावा

वाचकसमूहाचा प्रतिसाद रूपांतरांतूनही वाचता येतो. संजय लीला भन्साळी यांचा ‘सांवरिया’ (२००७) हा हिंदी चित्रपट ‘शुभ्र रात्री’वर आधारित आहे. त्यातील नायक हसतमुख, बडबडा, चारचौघांत गाणारा कलावंत आहे. त्याहून महत्त्वाचा बदल असा, की कथा सांगण्याचे काम नायकाकडे उरलेले नाही. ते गुलाबजी या दुसऱ्या पात्राकडे गेले आहे. नायकाचे बुजरेपण काढून घेताच त्याचे निवेदनही गेले, हा केवळ तांत्रिक बदल नव्हे. मूळ कथेत निवेदक जे प्रत्यक्षात बोलू शकला नाही, तेच निवेदन होऊन आपल्यापर्यंत पोहोचते. जो उघडपणे बोलतो, गातो, नाचतो त्याला निवेदनाची निकड राहत नाही. बुजऱ्या नायकाला प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, हे लोकप्रिय चित्रपटसृष्टीचे गृहीतक यातून दिसते आणि वर्गातील “त्याने आधीच का सांगितले नाही?” या प्रश्नाशी ते मिळतेजुळते आहे.

नागपूरचा संदर्भ : मुक्तिबोध बंधू

बुजऱ्या निवेदकाच्या प्रश्नाला नागपूरशी जोडणारा एक सशक्त धागा मुक्तिबोध बंधूंच्या लेखनात सापडतो. मराठीभाषक कुटुंबात जन्मलेले आणि हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) १९४८ ते १९५८ या काळात नागपुरात होते. येथील शासकीय माहिती विभाग, आकाशवाणी आणि ‘नया खून’ हे साप्ताहिक यांत त्यांनी काम केले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँधेरे में’ या त्यांच्या दीर्घ कवितेतील ‘मी’ हा बुजऱ्या निवेदकाच्या परंपरेत शोभणारा आहे. दारावर थाप पडते, बाहेर कोण आहे हे त्याला अंतर्यामी ठाऊक असते, तरी उठून दार उघडण्याचे धैर्य त्याला होत नाही. रात्री शहरातून जाणाऱ्या गूढ मिरवणुकीत प्रतिष्ठित विद्वान, पत्रकार आणि कुख्यात गुंड एकत्र चाललेले तो पाहतो. पाहिले म्हणूनच त्याचा पाठलाग होतो. हा बुजरेपणा प्रेमातील नाही, सुशिक्षित मध्यमवर्गीयाच्या विवेकातील आहे. त्यांच्या ‘विपात्र’ या लघुकादंबरीत तर हेच विद्यासंस्थेच्या वातावरणात घडते. संचालकाभोवती जमणाऱ्या मंडळीत बसलेला निवेदक सारे जाणतो आणि पुष्कळसे मनात ठेवतो.

येथे रशियन आणि नागपुरी अनुभवांत थेट प्रभाव दाखवण्याचा हेतू नाही. साम्य रचनेतील आहे. दोन्हीकडे कृतीत माघार घेणारा माणूस निवेदनात माघार घेत नाही. दार न उघडल्याची कबुली तोच देतो. ही कबुली हेच त्याचे धैर्य होय. अध्यापक-वाचकासाठी हा मुद्दा विशेष जवळचा आहे. सभेत, समितीत, वरिष्ठांसमोर न बोललेली वाक्ये ज्याच्या संग्रही नाहीत, असा शिक्षित वाचक विरळा.

गजानन माधवांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) हे मराठीतील कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. त्यांचे अध्यापनकार्यही नागपुरात झाले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी त्यांना १९७९ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले. त्यांच्या साहित्यविचारात ‘मानुषता’ हे मूल्य मध्यवर्ती आहे. ही संकल्पना प्रस्तुत विषयाला लावली, तर असे म्हणता येते : निवेदक धीट आहे की भित्रा, यावर साहित्यकृतीचे मोल ठरत नाही, त्याच्या संकोचातून माणूसपणाची कोणती बाजू उजळते, यावर ते ठरते. ‘मानुषता’ हा निकष केवळ कृतीला लागू न करता वाचनालाही लागू करता येईल. झुदोतेशिनचा शेरा साक्षर आहे, पण मानुष नाही. नास्तेन्काचे मौन मानुष आहे.

अध्यापनातील उपयोजन

वर्गात बुजरा निवेदक शिकवताना देवुश्किनचा प्रसंग अध्यापकाने सतत ध्यानात ठेवावा. नागपूरच्या महाविद्यालयांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून विद्यार्थी येतात. झाडीबोली किंवा वऱ्हाडी बोलणारा विद्यार्थी प्रमाण मराठीत उत्तर देण्याच्या धास्तीने गप्प बसतो. तो भित्रा नसतो, मुखदुर्बळ ठरवला गेलेला असतो. ‘हा निवेदक दुबळा आहे’, असे विधान वर्गात सहज केले जाते, तेव्हा शेवटच्या बाकावरील कोणी तरी ते स्वतःविषयीचे विधान म्हणून ऐकत असतो. ज्याची कीव केली जात आहे तो वाचकही असू शकतो, हे दोस्तोव्हस्कीने १८४६ मध्ये दाखवून दिले. अध्यापनशास्त्राने ते विसरू नये.

यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. पहिला निवाडा दडपून न टाकता तो फळ्यावर लिहून घ्यावा आणि वाचन पुढे गेल्यावर त्याकडे परत यावे. ‘त्याने का सांगितले नाही?’ या प्रश्नासोबत ‘मग तो आपल्याला का सांगतो आहे?’ हा प्रश्न विचारावा. निवेदकासाठी ‘भित्रा’ हा शब्द वापरणाऱ्या विद्यार्थ्याला बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ यांतून नेमका शब्द निवडण्यास सांगावे आणि त्यासाठी संहितेतील पुरावा मागावा. तोंडी चर्चेत न बोलणाऱ्यांसाठी लेखी प्रतिसादाची वाट मोकळी ठेवावी. देवुश्किनही पत्रातच बोलू शकला.

याचा अर्थ बुजरेपणाचे उदात्तीकरण करावे, असा नव्हे. ‘तळघरातील’ निवेदकाने लिझाशी केलेले वर्तन क्षम्य ठरत नाही आणि न उघडलेल्या दाराची किंमत दाराबाहेरच्याला मोजावी लागते, हे ‘अँधेरे में’ स्पष्टपणे सुचवते. समजून घेणे आणि समर्थन करणे यांतील अंतर विद्यार्थ्यांना दाखवून देणे, हे या साहित्याच्या अध्यापनाचे महत्त्वाचे फलित होय.

निष्कर्ष

१. रशियन अभिजात कथेतील हा निवेदक मुख्यतः दुसऱ्याच्या निवाड्याला भिणारा आहे. म्हणून त्याच्याविषयीचा प्रतिसाद कथेच्या रचनेतच समाविष्ट असतो.

२. तुर्गेनेव्ह आणि दोस्तोव्हस्की यांनी धुडकावणारा, दुखावलेला, ऐकून घेणारा आणि आरपार पाहणारा असे चार वाचक संहितेत उभे केले आहेत. प्रत्यक्ष वाचकाला त्यांतून आपली जागा निवडावी लागते.

३. बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ या मराठी संज्ञा या निवेदकांचे विश्लेषण ‘भित्रा’ या सरधोपट शब्दापेक्षा अधिक काटेकोरपणे करू शकतात.

४. चिमणराव आणि धोंडोपंत यांच्या स्वतःवर हसण्यामुळे घडलेले मराठी अपेक्षाक्षितिज रशियन निवेदकासमोर प्रथम अडखळते. हे अडखळणे अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्त आहे.

५. मुक्तिबोध बंधूंचे लेखन हा प्रश्न नागपूरच्या भूमीत, सुशिक्षित मध्यमवर्गाच्या विवेकाशी आणून भिडवते; ‘मानुषता’ हा निकष लेखनाइतकाच वाचनालाही लावणे त्यामुळे आवश्यक ठरते.

बुजऱ्या निवेदकाची कथा वाचून संपते तेव्हा पानाच्या तळाशी थोडी मोकळी जागा उरते. झुदोतेशिनने तेथे नापसंतीचा शेरा मारला. त्या जागेत काय लिहायचे, हे प्रत्येक वाचकाने आणि विशेषतः दुसऱ्यांना वाचायला शिकवणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने ठरवायचे आहे.